बालोद्यानाचा जनक : फ्रीड्रिख फ्रोबेल

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. सूचिपर्णी वृक्षांची दाट अरण्ये, त्यांतून वाहणारे लहान लहान ओढे आणि डोंगरांच्या कुशीत वसलेली खेडी, असे या प्रदेशाचे रूप आहे. त्यातील ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म झाला. त्याचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. फ्रीड्रिख अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. आईचा चेहरा, तिचा आवाज, तिच्या मांडीची ऊब यांपैकी काहीच पुढे त्याला आठवत नसे. परंतु आईच्या मांडीवर कधी खेळायला न मिळालेल्या याच मुलाने मोठेपणी जगातील मातांना आपल्या तान्ह्या मुलांशी कसे खेळावे हे शिकवले. त्याची ही जीवनकथा आहे.

वडिलांकडे आसपासच्या अनेक खेड्यांचे धर्मकार्य होते. त्यामुळे धाकट्या मुलाकडे पाहायला त्यांना सवड मिळत नसे. फ्रीड्रिख घरातील नोकरांच्या आणि मोठ्या भावांच्या अंगावर वाढू लागला. तो तीन-चार वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी दुसरे लग्न केले. नवी आई घरात आली आणि मायेला भुकेलेला फ्रीड्रिख तिला बिलगला. आरंभी तिनेही त्याला जवळ केले. पण पुढे तिला स्वतःचे मूल झाले आणि सारेच बदलले. जर्मन भाषेत घरच्या माणसाला आपल्यासारखेच 'तू' म्हणतात. सावत्र आईने फ्रीड्रिखला 'तू' म्हणणेही सोडून दिले. परक्या माणसाशी बोलावे तशी ती त्याच्याशी दुरावा ठेवून बोलू लागली. त्या एका शब्दाच्या बदलाने चिमुकल्या जिवाला झालेले दुःख तो म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

त्यांच्या घराभोवती भिंती, कुंपणे आणि इतर इमारती होत्या. अंगणाबाहेर जाण्याची मुलाला फारशी मोकळीक नव्हती. वर दिसणारे आकाश, समोरचा डोंगर आणि घरामागची बाग एवढेच त्याचे जग होते. या बागेत तो तासन्‌तास एकटा रमे. किडे कसे चालतात, कळ्या केव्हा उमलतात, हे तो टक लावून पाही. त्याचा मोठा भाऊ ख्रिस्तोफ सुटीत घरी आला की त्याला फार आनंद होई. एकदा ख्रिस्तोफने त्याला हेझल नावाच्या झुडपाच्या कळ्यांतील इवले इवले जांभळट तंतू दाखवले आणि फूल म्हणजे काय, फळ कसे धरते, हे समजावून सांगितले. त्या दिवसापासून फ्रीड्रिखला बाग निराळी दिसू लागली. प्रेमाने जवळ बसवून दाखवलेली एक लहानशी वस्तू मुलाच्या मनात किती खोल उतरते, याचा हा त्याला आलेला पहिला अनुभव होता.

शाळेत मात्र त्याचे नाव झाले नाही. त्याला वाचायला शिकवताना वडिलांची दमछाक झाली. मुलगा मंदबुद्धीचा आहे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी त्याला गावातील मुलींच्या शाळेत घातले. फ्रीड्रिख दहा वर्षांचा झाल्यावर त्याच्या मामाने त्याला श्टाटिल्म या गावी आपल्या घरी नेले. मामाच्या घरी त्याला माया मिळाली आणि मोकळीकही मिळाली. येथे प्रथमच तो बरोबरीच्या मुलांच्या घोळक्यात खेळू लागला. आरंभी धावण्यात आणि उड्या मारण्यात तो मागे पडे, कारण तोपर्यंत त्याचे हातपाय खेळलेच नव्हते. हळूहळू अंगात बळ आले, मनही मोकळे झाले. मामाच्या घरची ही चार-पाच वर्षे त्याच्या बालपणातील सर्वांत सुखाची होती.

यानंतरची काही वर्षे मात्र धडपडीत गेली. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. तेथे त्याला झाडांची आणि मोजणीची माहिती झाली. पुढे १७९९ मध्ये तो येना येथील विद्यापीठात गेला. पण जवळचे पैसे संपले, कर्ज झाले आणि कर्जापायी त्याला विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. शिक्षण अर्धवट टाकून तो घरी परतला. १८०२ मध्ये वडीलही निवर्तले. कधी जमिनीची मोजणी, कधी हिशेबाचे काम, असे मिळेल ते काम तो करीत राहिला. आपण कशासाठी जन्मलो आहोत, हे त्याला उमगत नव्हते.

शेवटी वास्तुशास्त्र शिकावे म्हणून १८०५ मध्ये तो फ्रँकफुर्ट शहरात गेला. तेथे ग्रूनर नावाच्या शिक्षकाशी त्याची ओळख झाली. ग्रूनर एका नव्या धर्तीच्या शाळेचा प्रमुख होता. या तरुणाचा पिंड शिक्षकाचा आहे, हे त्याने ओळखले आणि त्याला आपल्या शाळेत जागा देऊ केली. फ्रोबेल वर्गात मुलांसमोर उभा राहिला आणि त्याचे मन स्थिरावले. मासा पाण्यात यावा तसे आपल्याला वाटले, असे त्याने भावाला कळवले. इमारती बांधण्याचा विचार मागे पडला. माणूस घडवण्याचे काम त्याने पत्करले.

त्या काळी स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे पेस्टालोझी हा थोर शिक्षक आपली शाळा चालवीत होता. मुलांनी शब्द पाठ करण्याऐवजी वस्तू डोळ्यांनी पाहाव्यात, हातांनी हाताळाव्यात, असे तो सांगे. फ्रोबेलने १८०५ मध्येच त्याची भेट घेतली. पुढे १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तो आपल्या तीन विद्यार्थ्यांसह तेथे राहिला. पेस्टालोझीच्या सहवासात त्याला पुष्कळ काही मिळाले. परंतु मूल शाळेत येण्यापूर्वीच्या वर्षांत काय करावे, हा प्रश्न त्याच्या मनात रेंगाळत राहिला.

आणखी विज्ञान शिकावे म्हणून तो प्रथम ग्योटिंगेनला आणि नंतर बर्लिनला गेला. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटले, तेव्हा तो स्वयंसैनिक म्हणून सैन्यात दाखल झाला. तेथे मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन तरुण त्याला भेटले. शेकोटीभोवती बसून या तिघांनी शिक्षणाविषयी पुष्कळ चर्चा केल्या. त्यांपैकी मिडेनडॉर्फ हा मित्र त्याला जन्मभर पुरला. युद्धानंतर फ्रोबेल बर्लिनमधील खनिजांच्या संग्रहालयात काम करू लागला. दिवसभर त्याच्या हाती स्फटिक असत. ओबडधोबड दिसणाऱ्या दगडातही कोन आणि पृष्ठे यांचा केवढा नियम दडलेला असतो, हे पाहून तो थक्क होई. घन, गोल, त्रिकोण या साध्या आकारांतून सारी सृष्टी समजून घेता येईल, हा विचार त्याच्या मनात येथेच रुजला.

एवढ्यात घरून एक हाक आली. त्याचा लाडका भाऊ ख्रिस्तोफ १८१३ मध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीच्या तापाने मरण पावला होता. त्याची तीन मुले पोरकी झाली होती. हेझलच्या कळीतील तंतू दाखवणाऱ्या भावाचे ऋण फेडण्याची वेळ आली होती. फ्रोबेलने संग्रहालयातील नोकरी सोडली. १८१६ मध्ये ग्रीसहाइम या खेड्यात त्याने शाळा काढली. ख्रिस्तोफची तीन मुले आणि दुसऱ्या एका भावाची दोन मुले, असे पाचच विद्यार्थी तेथे होते. पुढल्याच वर्षी ही शाळा जवळच्या काइलहाउ गावी नेण्यात आली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथालही येऊन मिळाले. १८१८ मध्ये बर्लिनच्या सुखवस्तू घरातील विल्हेल्मिना हिच्याशी फ्रोबेलचा विवाह झाला. शहरातील आरामाचे जीवन सोडून तिने या खेड्यातील ओढगस्तीचा संसार आनंदाने पत्करला.

काइलहाउच्या शाळेत मुले पुस्तके वाचत, तशीच डोंगर चढत, माती खणत, ठोकळ्यांचे किल्ले रचीत. १८२६ मध्ये फ्रोबेलने माणसाच्या शिक्षणाविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण जुन्या विचारांच्या लोकांना आणि सरकारला या शाळेचा संशय येऊ लागला. तपासणी झाली. तपासनिसाने चांगला अभिप्राय दिला. तरीही पालकांनी भीतीने मुले काढून घेतली. फ्रोबेल काही वर्षे स्वित्झर्लंडला गेला. तेथे बुर्गडॉर्फ गावी अनाथ मुलांची शाळा त्याने चालवली. मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्या सवयी पुष्कळशा बनून गेलेल्या असतात, असे त्याला पुन्हा पुन्हा आढळून आले. ज्याला घरी कोणी खेळवले नाही, ज्याच्याशी कोणी बोलले नाही, ते मूल शाळेत मुके राहते. हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते त्याने स्वतः भोगले होते. शिक्षणाचा आरंभ शाळेच्या पाटीपासून होत नाही, तो पाळण्यापासून होतो, अशी त्याची खात्री पटली.

विल्हेल्मिनाची प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ मध्ये तो जर्मनीत परतला. १८३७ मध्ये काइलहाउजवळच्या ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांच्या खेळांसाठी एक संस्था काढली. तेव्हा त्याचे वय पंचावन्न वर्षांचे होते. त्या वयात लोक विश्रांतीचा विचार करतात. फ्रोबेल मात्र लोकरीचे चेंडू घेऊन बसला होता!

त्याने मुलांसाठी जी खेळणी तयार केली, त्यांना तो देणग्या म्हणे. पहिली देणगी अगदी तान्ह्या मुलांसाठी होती. लोकरीने विणलेले सहा लहान चेंडू, तांबडा, पिवळा, निळा, हिरवा, नारिंगी आणि जांभळा, अशा सहा रंगांचे. प्रत्येकाला एक दोरी. बस, एवढेच. पण फ्रोबेलने या चेंडूत केवढे शिक्षण पाहिले! चेंडू मऊ असतो. तो बाळाला लागत नाही आणि त्याच्या इवल्या मुठीत मावतो. दोरी धरून आईने तो हलवला की बाळाची नजर त्याच्याबरोबर फिरते. तो वर जातो, खाली येतो, गोल फिरतो, आणि आई त्या त्या हालचालीचे शब्द गाण्याच्या सुरात म्हणते. मग आई चेंडू हाताखाली झाकते आणि पुन्हा दाखवते. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोठेतरी असतेच, हा मोठा शोध बाळाला या खेळातून लागतो. तान्ही मुले आपल्या पहिल्या वर्षात हे ज्ञान हळूहळू मिळवतात, असे पुढे शास्त्रज्ञांनीही निरीक्षणाने दाखवून दिले.

दुसरी देणगी लाकडाची होती. तिच्यात एक गोल, एक घन आणि एक दंडगोल होता. गोल सहज घरंगळतो, घन जागच्या जागी बसतो, आणि दंडगोल उभा केला तर बसतो, आडवा केला तर घरंगळतो. तिसऱ्या देणगीत आठ लहान घन एकत्र ठेवून एक मोठा घन केलेला असे. मूल तो मोडी आणि त्याच तुकड्यांतून खुर्ची, जिना किंवा पूल रची. मोडण्यात मुलाचा खोडकरपणा नसतो, आत काय आहे हे जाणण्याची त्याची इच्छा असते, असे फ्रोबेल सांगे. म्हणून त्याने मुलांना असे खेळणे दिले की जे मोडले तरी पुन्हा जोडता येते.

मूल थोडे मोठे झाले की त्याच्या हातांना कलेची कामे मिळत. चौकटी आखलेल्या पाटीवर रेघा जुळवून चित्रे काढणे, रंगीत कागदाच्या घड्या घालणे, कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणणे, मातीच्या वस्तू करणे, वाळूत आकृती काढणे अशी ती कामे होती. भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या यांच्यापासून मुले घरांचे सांगाडे उभे करीत. यासाठी खर्च फार थोडा येई. मूल जे काही हाताने करते, त्यातून त्याच्या मनातील विचार बाहेर येतो. म्हणून ते वेडेवाकडे असले तरी त्याची थट्टा करू नये, असा फ्रोबेलचा दंडक होता.

तान्ह्या बाळाचा पहिला शिक्षक मात्र शाळेत नसतो, घरात असतो. म्हणून फ्रोबेलने मातांसाठी एक पुस्तक तयार केले. ते १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आईने बाळाशी खेळताना म्हणायची गाणी होती. गाण्यांना चाली लावल्या होत्या, पानोपानी चित्रे होती आणि खेळताना हात व बोटे कशी धरावीत याच्या आकृतीही होत्या. या खेळांपैकी पुष्कळसे त्याने नव्याने शोधून काढले नव्हते. खेड्यापाड्यांतील आया आपल्या मुलांशी कशा खेळतात, हे तो थांबून पाही आणि टिपून घेई. अशिक्षित आईला जे अंतःप्रेरणेने सुचते, त्यात केवढे शहाणपण आहे, हे त्याने सुशिक्षित जगाला दाखवून दिले.

त्यातील काही खेळ पाहण्यासारखे आहेत. बाळ उताणे पडून पाय झाडू लागले की आईने आपले तळवे त्याच्या पावलांना लावावेत. मग बाळ जोराने पाय रेटते आणि त्याला आपल्या बळाची जाणीव होते. वाटीतील जेवण संपले की आईने रिकामी वाटी आणि रिकामा तळहात दाखवून सारे संपले असे सांगावे. आधी होते आणि आता नाही, हा काळाचा पहिला धडा. हाताचा पंजा उभा धरून तो वाऱ्याने फिरणाऱ्या दिशादर्शक कोंबड्यासारखा इकडून तिकडे हलवावा. डोळ्यांना न दिसणारा वाराही वस्तू हलवतो, हे बाळाला पुढे उमजते. दोन्ही हात जुळवून पक्ष्याचे घरटे करावे. टाळ्या वाजवीत पोळी थापण्याचा खेळ खेळावा आणि ती पोळी देणाऱ्या भटारखानेवाल्याची, पीठ दळणाऱ्याची आणि शेतकऱ्याची आठवण करावी.

एक खेळ कवडशाचा आहे. आई आरशावर ऊन घेऊन भिंतीवर कवडसा पाडते. तो पाखरासारखा भिरभिरतो. बाळ त्याला धरायला धावते, त्यावर हात ठेवते, पण मुठीत काहीच येत नाही. बाळ हिरमुसले तरी आईने घाबरू नये, असे फ्रोबेलने म्हटले आहे. जगात काही सुंदर गोष्टी हातात धरता येत नाहीत, त्यांचा आनंद डोळ्यांनीच घ्यायचा असतो, हे मूल या खेळात शिकते.

ब्लांकेनबुर्गच्या संस्थेला योग्य नाव मात्र सापडत नव्हते. तिला शाळा म्हणावे तर तेथे पुस्तके नव्हती आणि धडेही नव्हते. १८४० च्या वसंत ऋतूत फ्रोबेल मिडेनडॉर्फ आणि बारोप या सहकाऱ्यांबरोबर डोंगर ओलांडून काइलहाउहून ब्लांकेनबुर्गला चालला होता. वाटभर तो नावाचाच विचार करीत होता. डोंगरमाथ्यावरून खालची दरी एकाएकी दिसू लागली. तो जागीच खिळून उभा राहिला आणि त्याला नाव सापडले. ते नाव म्हणजे 'किंडरगार्टन', मुलांची बाग! माळी रोपाला ओढून मोठे करीत नाही. तो पाणी देतो, तण काढतो आणि रोप आपल्या बळावर वाढते. शिक्षकाने मुलाच्या बाबतीत तसेच वागावे, असा या नावाचा अर्थ होता. फ्रोबेलच्या संस्थेत खरीखुरी बागही असे आणि प्रत्येक मुलाला आपला स्वतःचा एक लहान वाफा मिळे. २८ जून १८४० रोजी या किंडरगार्टनची रीतसर स्थापना झाली.

हे नाव ऐकायला विल्हेल्मिना मात्र उरली नव्हती. १८३९ मध्ये ती मरण पावली होती. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. फ्रोबेल आता एकटा पडला. त्याने जर्मनीतील स्त्रियांना संस्थेचे भाग विकत घेण्याचे आवाहन केले. पण फार थोडे भाग विकले गेले. पैशाअभावी ब्लांकेनबुर्गचे किंडरगार्टन १८४४ मध्ये बंद पडले. तरी त्याने हार मानली नाही. तो गावोगाव हिंडला, मुलांना जमवून खेळ करून दाखवू लागला आणि तरुण मुलींना बालशिक्षिकेचे शिक्षण देऊ लागला. ज्या काळी शिक्षकाचा पेशा बहुतेक पुरुषांच्याच हाती होता, त्या काळी त्याने हे काम स्त्रियांच्या हाती सोपवले.

१८४९ मध्ये तो लीबेनश्टाइन या गावी राहायला आला. पांढऱ्या केसांचा हा उंच, कृश म्हातारा खेड्यातील अनवाणी मुलांना घेऊन टेकडीवर जाई, त्यांच्याबरोबर फेर धरून नाचे आणि गाई. गावातील लोक त्याला वेडा म्हातारा म्हणून हसत. हवापालटासाठी आलेल्या बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या सरदार घराण्यातील स्त्रीच्या कानीही ही थट्टा आली. तिने स्वतः जाऊन पाहिले. मुलांकडे पाहताना त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतील जिव्हाळा पाहून तिचे अंतःकरण हेलावले. ती त्याची शिष्या झाली. पुढल्या वर्षी जवळच्या मारिएनथाल येथील वाड्यात फ्रोबेलने शिक्षिकांसाठी शाळा सुरू केली. १८५१ च्या उन्हाळ्यात लुइझे लेव्हिन या आपल्या सहकारिणीशी त्याने विवाह केला. आता दिवस पालटले, असे वाटू लागले.

पण त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात त्याच्यावर घाला पडला. प्रशियाच्या सरकारने ७ ऑगस्ट १८५१ रोजी किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी एक पुस्तिका लिहिली होती. सरकारला तिच्यातील मते धोक्याची वाटली. दोघांचे आडनाव एकच असल्यामुळे मंत्र्याने पुतण्याचा दोष काकाच्या माथी मारला. फ्रोबेलने खुलासा पाठवला, राजाकडेही दाद मागितली. परंतु बंदी उठली नाही. लोकरीच्या चेंडूंची आणि लाकडी ठोकळ्यांची एका बलाढ्य राज्याला भीती वाटावी, ही केवढी विचित्र गोष्ट!

२१ एप्रिल १८५२ रोजी फ्रोबेलला सत्तर वर्षे पूर्ण झाली. मुलांनी आणि विद्यार्थिनींनी फुलांनी व गाण्यांनी त्याचा वाढदिवस साजरा केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ जून १८५२ रोजी, मारिएनथाल येथे त्याचे निधन झाले. बंदी तशीच होती. आपले कार्य टिकेल की नाही, हे पाहायला तो राहिला नाही. जवळच्या श्वाइना गावी त्याचे दफन झाले. त्याच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल हे त्याचेच तीन आकार एकावर एक ठेवलेले आहेत.

फ्रोबेलने लावलेले रोप मात्र मेले नाही. बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो हिने देशोदेशी हिंडून त्याचे विचार पसरवले. लुइझे फ्रोबेल पुढे हॅम्बुर्ग येथे शिक्षिका तयार करीत राहिली. ती १९०० पर्यंत जगली. १८६० मध्ये प्रशियाने बंदी मागे घेतली. तोपर्यंत लंडनमध्ये आणि अमेरिकेतही किंडरगार्टने निघाली होती. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मोठे प्रदर्शन भरले. तेथे एका आईने फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणून दिले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायम राहिला, असे तो मोठेपणी सांगत असे.

फ्रोबेलचे सारेच विचार लोकांनी जसेच्या तसे स्वीकारले, असे नाही. त्याची भाषा गूढ आणि समजण्यास अवघड होती. पुढील काही शिक्षकांनी त्याच्या देणग्यांची कवायत करून टाकली. ठोकळा असाच ठेवला पाहिजे, घडी अशीच घातली पाहिजे, असा आग्रह ते धरू लागले. नंतरच्या शिक्षणतज्ज्ञांनी त्यात सुधारणा केल्या. तथापि मूल खेळातून शिकते, हे त्याचे मुख्य सूत्र आज सर्व जगाने मान्य केले आहे.

महाराष्ट्रातही बालशिक्षणाची ही बाग फुलली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या पद्धतीवर इटलीतील माँटेसोरी बाईंच्या विचारांचा प्रभाव अधिक होता. मडकी, शिंपले, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी शिक्षणाची साधने उभी केली. आपल्याकडे रूढ झालेल्या 'बालवाडी' या शब्दातही बागेचीच कल्पना आहे. वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, फळाफुलांची बाग. थुरिंगियाच्या डोंगरमाथ्यावर सुचलेली उपमा आणि कोकणातील माणसाच्या ओठांवरचा शब्द एकाच अर्थाला येऊन मिळाले.

ज्याच्या घरी तान्हे भावंड आहे, त्याला फ्रोबेलचे खेळ आजही सहज खेळता येतील. त्यासाठी बाजारातून काहीच आणावे लागत नाही. जुन्या लोकरीचा मऊ चेंडू, एक रिकामी वाटी, भिंतीवर पडलेली हाताची सावली किंवा आरशाचा कवडसा पुरेसा आहे. मात्र बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालते, म्हणून बारीक वस्तू त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. दोरीचा चेंडू आपल्याच हाती धरावा आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली खेळावे. बाळ दमले, त्याने तोंड फिरवले, की खेळ थांबवावा. खेळणे केवढे महाग आहे, हे बाळाला कळत नाही. आपल्याजवळ कोणी बसले आहे, आपल्याकडे पाहून हसत आहे, आपल्याशी बोलत आहे, एवढे त्याला नेमके कळते. फ्रोबेलला बालपणी हे मिळाले नाही. त्याने त्याची कटुता मनात धरली नाही. जे आपल्याला लाभले नाही ते जगातील प्रत्येक मुलाला लाभावे, म्हणून तो अखेरपर्यंत झटला.